विश्लेषण : मेल उघडत नाही? ‘कॅशे’ पुसा, पण सरसकट नको!

इनबॉक्स अर्धवट उघडतो, ‘सेंड’चे बटण दाबूनही काही होत नाही, पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा लॉगइनचेच पान समोर येते. ब्राउजरमधून मेल पाहणाऱ्यांच्या या तक्रारींवर हेल्पलाइनपासून कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानापर्यंत एकच उत्तर मिळते : ‘कॅशे क्लिअर करा’. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. त्याची किंमत मात्र वापरकर्ता मोजतो.

कॅशे म्हणजे काय?

एखादे संकेतस्थळ उघडले की त्यावरील चित्रे आणि ते पान चालवणाऱ्या फाइल ब्राउजर फोनमध्ये साठवतो. पुढच्या वेळी पान लवकर उघडते, डेटाही वाचतो. हा साठा म्हणजे कॅशे. कुकी वेगळी. वापरकर्ता लॉगइन झाला आहे, हे संकेतस्थळाला सांगणारी ती छोटी नोंद. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी ती ब्राउजरमध्ये आणली.

बिघाड कुठे होतो?

मेल सेवा आपल्या फाइल सतत बदलत असतात. सर्व्हरवर नवी फाइल आणि फोनमध्ये जुनी, असे झाले की मेळ बसत नाही. कुकी बिघडली तर लॉगइनचे पान फिरून फिरून येते. कॅशे पुसली की ब्राउजर फाइल नव्याने आणतो. मेल सर्व्हरवर असल्याने त्यांना धक्का लागत नाही.

मग धोका कशात?

धोका शेजारच्या चौकटींत आहे. क्रोममध्ये कॅशे, कुकीज, हिस्ट्री आणि सेव्ह केलेले पासवर्ड हटवण्याचे पर्याय एकाच ठिकाणी आहेत. घाईत सगळ्यांवर खूण केली की पासवर्डही जातात. सिंक सुरू असेल तर इतर उपकरणांवरूनही. पासवर्ड आठवत नाही, ओटीपी बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जातो आणि प्रवेशाचे किंवा मुलाखतीचे पत्र त्याच खात्यात अडकते. अँड्रॉइडवरील मेल ॲपबाबतही हेच. ‘क्लिअर कॅशे’ निरुपद्रवी. ‘क्लिअर स्टोरेज’ने ॲप कोरे होते आणि न पाठवलेला मजकूर जाऊ शकतो.

योग्य क्रम कोणता?

* आधी इन्कॉग्निटो विंडोत मेल उघडावा, पासवर्ड हाताने टाइप करून. मेल उघडला तर दोष फोनमधल्या साठ्यात आहे आणि पासवर्ड लक्षात असल्याची खात्रीही होते.
* तिथेही उघडला नाही, तर कॅशे पुसून बहुधा उपयोग नाही. नेटवर्क किंवा सेवाच बंद असू शकते. मेल उघडतो पण नवे येत नाहीत, तर जागा तपासावी. गुगलच्या मोफत खात्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा असते. ती भरली की मेल येणे थांबते.
* दोष साठ्यातच असेल तर फक्त ‘इमेजेस अँड फाइल्स’वर खूण ठेवावी.
* तरीही अडले तर साइट सेटिंग्जमधून फक्त त्या मेल सेवेचा डेटा हटवावा. त्याआधी रिकव्हरी नंबर चालू आहे ना, हे पाहावे.

जबाबदारी कोणाची?

फाइल बदलली की तिचे नावही बदलायचे, म्हणजे ब्राउजर आपोआप नवी आणतो, ही पद्धत जुनी आणि सर्वज्ञात आहे. फाइल किती काळ साठवावी, हेही सर्व्हर ब्राउजरला सांगू शकतो. म्हणजे जुनी फाइल अडकून राहणे हा अनेकदा सेवा देणाऱ्याचाच हलगर्जीपणा असतो. ‘कॅशे क्लिअर करा’ म्हटले की तो झाकला जातो आणि दोष वापरकर्त्याच्या फोनवर येतो. हा सल्ला देणाऱ्या प्रत्येक हेल्पलाइनने ‘पासवर्डच्या चौकटीला हात लावू नका’ एवढे एक वाक्य तरी जोडायलाच हवे. आणि ब्राउजर बनवणाऱ्यांनी पासवर्ड पुसण्याचा पर्याय या यादीतून काढून वेगळा ठेवायला हवा.