इशारे होते, अर्थ लावणारा नव्हता

चेन्नईच्या मीनंबाक्कम विमानतळावर 2 ऑगस्ट 1984 रोजी स्फोट होऊन सुमारे तीस जण ठार झाले, तेव्हा इशारा मिळालाच नव्हता असे नाही. सामानात बॉम्ब असल्याचे दूरध्वनीवरून कळविण्यात आले होते. पेट्या मात्र वेळेत हलल्या नाहीत. जून 1990 मध्ये ईपीआरएलएफचे नेते पद्मनाभ यांची याच शहरातील कोडंबाक्कम भागात हत्या झाली आणि मारेकरी निसटले. लिट्टेचे हात कुठवर पोहोचले आहेत, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा होता? मे 1991 च्या आरंभी विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या चेन्नईतील सभेत कटवाल्यांनी रंगीत तालीमही केली आणि 21 मे रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी यांचा बळी घेतला. हे धागे जुळविले ते डी. आर. कार्तिकेयन यांच्या विशेष तपास पथकाने, पण हत्येनंतर.

दिल्लीला जाग आली ती कारगिलनंतर. संयुक्त गुप्तवार्ता समितीला तिचे योग्य स्थान मिळत नाही, यावर के. सुब्रह्मण्यम समितीने बोट ठेवले. मग मंत्रिगट आला, गिरीशचंद्र सक्सेना यांचा कृतिगट आला. ‘रॉ’मधून निवृत्त होऊन चेन्नईतून लिहिणारे बी. रामन त्यात होते. 2001 च्या मंत्रिगट अहवालानंतर संरक्षण गुप्तवार्ता संस्था, बहुसंस्था केंद्र, राष्ट्रीय तांत्रिक संशोधन संघटना अशी रांगच लागली. तरीही बहुसंस्था केंद्राला चोवीस तासांचे खरे बळ मिळण्यास मुंबईवरील 26 नोव्हेंबर 2008 चा हल्ला व्हावा लागला. नवी संस्था काढणे सरकारला सोपे जाते. तमिळ आणि सिंहली जाणणारा माणूस दहा वर्षे एकाच विषयावर बसविणे जड जाते. बढती आणि बदलीच्या चक्रात विश्लेषक टिकत नाही.

जेथे तो टिकतो तेथे फळ दिसते. कोइम्बतूर प्रकरणाच्या तपासातून हाती आलेल्या धाग्यांवरून भारताने एप्रिल 2019 च्या पहिल्याच आठवड्यात कोलंबोला सावध केले होते. कोलंबोतील राजकीय दुहीत तो कागद पडून राहिला आणि 21 एप्रिलच्या ईस्टरला अडीचशेहून अधिक माणसे मेली. श्रीलंकेच्या संसदीय समितीने याची जाहीर चौकशी तरी केली. भारतात गुप्तचर यंत्रणांना संसदेपुढे उत्तरदायी करू पाहणारे मनीष तिवारी यांचे 2011 चे खासगी विधेयक मार्गी लागले नाही.