‘क्षितिज’ या शब्दात अक्षरे किती?

छंदःशास्त्राच्या तासाला हा प्रश्न विचारला तर उत्तर यायला क्षणही लागत नाही. तीन अक्षरे, तिन्ही लघू, म्हणून नगण. हाच प्रश्न मी गेली वीस-पंचवीस वर्षे मॅकला विचारत आलो आहे, आणि या काळात त्याच्याकडून मला तीन निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत : आधी ७, मग ४ आणि आता ३. संगणकाच्या प्रोग्रॅमची भाषा लिहिणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे या उत्तरांशी माझा संबंध रोजचाच आहे. पण ही उत्तरे कोण ठरवतो, हा प्रश्न माझ्या व्यवसायाइतकाच मराठीच्या अध्यापकांचाही आहे, असे माझे मत आहे.

आधी ती उत्तरे कशी आली ते पाहू. मॅकवर पूर्वी बहुतेक प्रोग्रॅम ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत लिहिले जात. तिथे शब्दाची लांबी मोजायची म्हणजे साठवलेल्या खुणा मोजायच्या. क, पाय मोडल्याची खूण, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज, झाल्या सात. २०१४ साली स्विफ्ट ही नवी भाषा आली. वाचणाऱ्याला जे ‘एक अक्षर’ वाटते तेच एक मानायचे, असा तिचा बाणा होता. विचार उत्तम होता. मात्र ‘एक अक्षर’ कशाला म्हणायचे याचा त्या वेळी युनिकोडमध्ये जो सर्वसाधारण नियम होता, त्यात पाय मोडल्याची खूण आधीच्या व्यंजनाला चिकटे आणि पुढचे व्यंजन वेगळे पडे. क्, षि, ति, ज, झाली चार. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी वेगळा नियम घातला, की पाय मोडून जोडलेली व्यंजने एकमेकांपासून तोडायची नाहीत. आता तीन. (आपली जीभ मात्र ‘क्षि-तिज्’ असे दोनच तुकडे पाडते, पण तो वाद छंदःशास्त्रातही जुनाच आहे.)

एवढ्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. कर्सर कुठे थांबायचा, खोडण्याची कळ दाबल्यावर नुसती वेलांटी जायची की सबंध अक्षर, लांबलचक शीर्षक चौकटीत मावले नाही तर ते कुठे तोडायचे, हे सगळे या मोजणीवर ठरते. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे छापायचे असेल आणि ते ‘क्षि’ असेल, तर जुन्या नियमाने मोठा ‘क्’ आणि त्याच्या पायाशी बारीक ‘षि’ असा प्रकार होऊ शकतो. शब्दकोडे करणाऱ्या प्रोग्रॅमला तर एका चौकोनात काय बसवायचे हेच कळत नाही. ज्या गोष्टी खिळे जुळवणाऱ्या कामगाराला हाताने कळत होत्या, त्या आता कोणीतरी नियमात लिहून ठेवाव्या लागतात.

मोजणीपेक्षा गंभीर गोष्ट ओळखीची आहे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला भेद शाळेत शिकवला जातो : एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र हे मराठी लेखनाचे खास लेणे. तो संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाचा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडखूण घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. भरीला, युनिकोडच्या तक्त्यात ‘ऱ’चा परिचय द्राविडी भाषांतला एक र लिहिण्याचे चिन्ह असा दिलेला आहे, आणि त्याची फोड ‘र अधिक नुक्ता’ अशी केलेली आहे. मराठीला नुक्त्याशी काय देणेघेणे! पण मॅकवर १९९८ पासून वापरात असलेली एचएफएस प्लस ही फाइली साठवण्याची पद्धत फाइलींची नावे अशी फोड करूनच ठेवत असे. २०१७ मध्ये आलेल्या एपीएफएसने ती जशी दिली तशी ठेवायला सुरुवात केली. तेव्हा ‘दऱ्याखोऱ्या’ नावाची फाइल नियमाप्रमाणे तीन प्रकारांनी लिहिलेली असू शकते.

आता एखादा संशोधक विद्यार्थी एका कवीच्या समग्र कवितेतून ‘दऱ्या’ किती वेळा आला हे शोधतो आहे, अशी कल्पना करावी. मजकूर चार हातांनी, चार संगणकांवर टंकलेला. शोधण्याच्या चौकटीत तो एक रूप टाकतो, काही नोंदी मिळतात, त्यावर तो प्रकरण लिहितो. उरलेल्या नोंदी त्याच्या डोळ्यांसमोरच असतात, पण मोजणीत नसतात. ‘ॲ’चेही तसेच. हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीचा मजकूर अ वर चंद्र ठेवून लिहिलेला आहे, आणि तो आजच्या शोधात सापडेलच असे नाही. शब्दसूची करणाऱ्याला आणखी एक अडचण : संकेतांकांच्या क्रमाने ‘ळ’ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. भाषा लक्षात न घेता नुसत्या संकेतांकांवरून क्रम लावला, तर ‘कळ’ हा शब्द ‘कवी’च्या आधी जाऊन बसतो.

यावर परकीय कंपन्यांना आपल्या भाषेची पर्वा नाही, असे म्हणण्याची सोय आहे. मला ते पटत नाही. १९९०च्या दशकात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून आपण मराठी छापत होतो. फॉन्ट काढून घेतला की कादंबरीची निरर्थक रोमन अक्षरे होत. त्या अवस्थेतून बाहेर काढण्याचे पुष्कळसे श्रम या दूरच्या मंडळींनीच घेतले आहेत. युनिकोडकडे प्रस्ताव कोणालाही पाठवता येतो, त्यांची कागदपत्रे उघडी असतात. ती मी नेमाने चाळतो. भाषाशास्त्रज्ञ, फॉन्ट घडवणारे, अभियंते त्यांत भेटतात. मराठी छंदःशास्त्र शिकवणारा कोणी माझ्या तरी वाचनात आलेला नाही. ऱ्हस्वदीर्घावरून आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलो. अक्षर म्हणजे काय, या त्याहून मूलभूत प्रश्नाकडे मात्र तांत्रिक बाब म्हणून पाहतो. माझ्या व्यवसायबंधूंचीही तऱ्हा अशीच : भारतीय भाषांची तपासणी वेळापत्रकाच्या शेवटच्या आठवड्यात, आणि वेळ उरली तर.

अध्यापकांनी प्रोग्रॅम लिहावेत असे माझे म्हणणे नाही. त्यांनी पन्नास शब्द द्यावेत. प्रत्येक शब्दापुढे अक्षरे किती, फोड कुठे चालेल, कुठे चालणार नाही, वर्णक्रमात तो कोणामागे येतो, एवढे लिहावे. प्रोग्रॅम तपासणाऱ्याला लागते ते एवढेच, आणि ते अधिकाराने सांगणारा माणूस सहसा भेटत नाही.

त्या यादीत पहिला शब्द कोणता असावा हेही सांगतो. ‘वाङ्मय’ हा शब्द जोडाक्षराने लिहिला तर नव्या नियमाने त्याची तीन अक्षरे होतात. तोच ‘वाङ्‌मय’ असा, ङ चा पाय मोडलेला दिसावा म्हणून मध्ये अदृश्य खूण घालून लिहिला, तर त्याच नियमाने चार. वृत्तात बसवताना तो दोन्ही वेळा तीनच अक्षरांचा आहे. माझ्या तपासणीच्या फाइलीत हे दोन्ही शब्द एकाखाली एक आहेत, आणि दुसऱ्यापुढची अपेक्षित उत्तराची जागा मी अजून रिकामी ठेवली आहे.