उसाच्या तुऱ्याचा धडा

नोव्हेंबर लागला की नीरा–बारामती रस्त्यावर पणदऱ्याच्या अलीकडे-पलीकडे उसाच्या फडांवर तुरे दिसू लागतात. सकाळच्या उन्हात ते रुपेरी चमकतात आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी सगळा फड एका अंगाला कलतो. वाटसरू गाडी थांबवून फोटो काढतो. ज्याचा ऊस आहे त्याच्या पोटात मात्र गोळा येतो. तुरा आला म्हणजे वाढ थांबली. आता पांगशा फुटणार, कांड्यात दशी पडणार, वजन घटणार. मग कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे लागायचे, की आमची तोड आधी लावा.

याच परिसरातल्या शाळांत नववीची मुले ‘वनस्पतींचे वर्गीकरण’ हा धडा पाठ करतात. थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा. मग अनावृत्तबीजी, आवृत्तबीजी. मग एकबीजपत्री, द्विबीजपत्री. दहावीत फुलाची रचना येते आणि जास्वंद उभी कापली जाते. जास्वंदीबद्दल तक्रार नाही, तिचे सगळे अवयव ठसठशीत दिसतात. पण खिडकीबाहेर हजारो तुरे डोलत असताना त्यांतला एकही वर्गाच्या टेबलावर येत नाही, हे मला खटकते. माळेगाव आणि सोमेश्वर या दोन कारखान्यांच्या मधल्या या पट्ट्यात घरटी ऊस आहे. इथले वनस्पतिशास्त्र उसाच्या फुलापासूनच सुरू व्हायला हवे.

तुऱ्याची एक काडी भिंगाखाली धरून पाहा. बारीक कणिशके जोडीजोडीने बसलेली असतात, एक देठाचे आणि एक बिनदेठाचे. प्रत्येकाच्या बुडाशी रेशमी केसांचे कडे असते. लांबून दिसते ती चमक या केसांचीच. आत तीन पुंकेसर आणि पिसासारख्या दोन कुक्षी. डोळ्यांत भरतील अशा पाकळ्या नाहीत, वास नाही, मध नाही. कारण मधमाशीला बोलवायचेच नसते, परागाची ने-आण वारा करतो. ज्वारी, बाजरी, गहू, मका, बांधावरची हरळी आणि घरामागचा बांबू यांचे कुळ हेच, गवताचे. ज्वारीच्या दाण्याला आपण बी म्हणतो, पण ते मुळात फळ आहे, त्याची साल आतल्या बीजाला चिकटून एकजीव झालेली. उसाचेही तसेच, फक्त त्याचा दाणा इतका बारीक की केसांच्या पुंजक्यात शोधावा लागतो. रुईची म्हातारी उडते तसा तो त्या केसांवर उडतो.

उसाला बी असते, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाही. बोलण्यात असते ते बेणे. दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबायची, किंवा हल्ली एका डोळ्याचे रोप ट्रेमध्ये वाढवून लावायचे. तोडून नेला की बुडख्यातून खोडवा, त्यानंतर निडवा. यात कुठेही नर-मादीचे मीलन नाही. ही शाखीय अभिवृद्धी पुस्तकात आहे; बटाट्याचा डोळा आणि पानफुटीचे पान ही तिची नेहमीची उदाहरणे. पण तिचा पुरता अर्थ पणदऱ्याच्या शिवारात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. टिपरीतून उगवलेला ऊस हे आधीच्या उसाचे मूल नव्हे, तो तोच ऊस असतो. महाराष्ट्रात उसाच्या फार मोठ्या क्षेत्रावर को ८६०३२ ही जात आहे. कोईम्बतूरला को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून ती निघाली आणि आपल्याकडे तिचे नाव ‘नीरा’ ठेवले गेले, आपल्याच नदीचे. या जातीचा प्रत्येक ऊस, पणदऱ्यातला, इंदापुरातला, कोल्हापुरातला, कधीकाळी एका बियातून उगवलेल्या एकाच रोपाचा तुकडा आहे. ते एक रोप लाखो एकरांवर पसरून उभे आहे.

हे समजले की मुलाच्या डोळ्यांपुढे फड वेगळा दिसतो. आणि धोकाही दिसतो. तो काल्पनिक नाही, आपल्या आजोबांनी पाहिलेला आहे. दख्खनवर पूर्वी पुंड्या ऊस होता. तो जाऊन को ४१९ आला, मग को ७४० आला. को ७४०ला काणीने गाठले. काणी पडलेल्या उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक निघतो, तो अजूनही म्हातारी माणसे हाताने करून दाखवतात. कोसी ६७१ला साखर उत्तम, पण लाल कूज तिला सोसवत नाही. फडातला एक ऊस ज्या रोगाला बळी पडतो त्याला सगळेच पडतात, कारण सगळे मिळून एकच आहेत. बियांपासून आलेल्या पिकात झाडागणिक थोडा फरक असतो, म्हणून काही मरतात आणि काही तगतात.

इंदापूरच्या बाजूला नजर टाकली तर हीच गोष्ट पुन्हा दिसते. केळी उतिसंवर्धित रोपांची, तिच्यात बीच धरत नाही. डाळिंब गुटी कलमाचे. द्राक्ष खुंटावर डोळा भरून केलेले, आणि त्याचे मोल बी नसण्यातच. कालव्याच्या पाण्यावर आणि उजनी धरणाच्या फुगवट्यावर उभा असलेला बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतला बहुतेक पैसा बियांवाचून चालतो. बी उरले ते जिरायतीकडे, सुप्याच्या माळाकडे, ज्वारीच्या कणसात. ज्वारी मळायला काढताना चांगली कणसे बाजूला ठेवणाऱ्या बायकांनी ते पिढ्यान्पिढ्या राखले.

उसाला बी धरते आणि ते उगवते, हे जगाच्या शास्त्रज्ञांनाही उशिराच कळले. उसाचे बी वांझ असते असाच दीर्घकाळ समज होता. १८८८च्या सुमारास जावा आणि बार्बाडोस या एकमेकांपासून अर्ध्या पृथ्वीएवढ्या दूर असलेल्या दोन बेटांवर उसाच्या बियांतून उगवलेली बारीक रोपे कुणीतरी गवत म्हणून उपटून न टाकता नीट पाहिली. जावात तेव्हा सेरे नावाच्या रोगाने ऊस बसत चालला होता, म्हणून पाहणे भागच होते. तिथून ऊस सुधारण्याची वाट उघडली. १९१२मध्ये कोईम्बतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तिथे शास्त्रज्ञ बार्बर यांनी जाड, गोड उसाचा संकर नदीकाठी आपोआप वाढणाऱ्या काशाच्या गवताशी केला. त्यातून को २०५ निघाला आणि पुढचे काम वेंकटरामन यांनी वाढवले. काश पातळ, कडक, चघळायला निरुपयोगी. पण पाण्याचा ताण आणि रोग सोसण्याची ताकद त्याच्या अंगी. १९३०च्या दशकात तिथेच वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी उसाचा मक्याशीही संकर घडवून आणला. वर्गीकरण म्हणजे कोण कुणाचा सोयरा हे ओळखणे, आणि सोयरीक ओळखता आली तर पिकाचा जीव वाचवता येतो, हे सांगायला याहून बोलके उदाहरण मला तरी सापडत नाही.

आणि हे सगळे फार लांबचेही नाही. नीरेच्या पलीकडे, सातारा जिल्ह्याच्या हद्दीत, पाडेगावला १९३२पासून ऊस संशोधन केंद्र आहे. को ७४०पासून फुले २६५पर्यंतच्या जाती तिथून आपल्या शेतात आल्या. बी तयार करायला मात्र तुरा सुपीक हवा. आपल्याकडच्या थंड रात्रींत उसाचे पराग बरेचसे वांझ राहतात, म्हणून संकर कोईम्बतूरला होतात, आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने त्यासाठी आंबोलीच्या दमट हवेत केंद्र काढले. तिथे शास्त्रज्ञ त्याच तुऱ्याची वर्षभर वाट पाहतात, जो पणदऱ्याचा शेतकरी येऊ नये म्हणून देव पाण्यात घालतो. हजारो रोपांतून निवडत निवडत एक जात हाती यायला दहा-बारा वर्षे लागतात. शेतकऱ्याची धास्ती खरी आहे आणि शास्त्रज्ञाची ओढही खरी आहे. मुलांना दोन्ही कळायला हव्यात.

वर्गीकरणाचा दुसरा धडा खुरपणाऱ्या बायकांकडे आहे आणि तोही शाळेत येत नाही. हरळी, कुंदा आणि लव्हाळा त्या लांबून वेगळे सांगतात. लव्हाळ्याची दांडी बोटांत फिरवली तर तिधारी लागते. ते गवत नव्हे, त्याचे कुळच निराळे. वरून कितीही खुरपा, जमिनीतली गाठ राहिली की तो पुन्हा येतो, हे त्यांना पाठ आहे. काँग्रेस गवत फुलावर यायच्या आत उपटायचे, हेही. नावात गवत असले तरी काँग्रेस गवत सूर्यफुलाच्या कुळातले आहे, आणि त्याचे एक पांढरे फूल म्हणजे पुष्कळ फुलांचा गुच्छ. टारफुल्याचे बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि ज्वारीच्या किंवा उसाच्या मुळाचा पाझर लागला की जागे होते. कोणते तण बियाने पसरते, कोणते गाठीने आणि कोणते कांडीने, यावर ते कधी आणि कसे काढायचे हे ठरते. पुनरुत्पादनाचा हा अभ्यास मजुरी करता करता झालेला आहे. ज्या बाईला तो येतो, तिच्याच मुलीला विज्ञानाच्या तासाला तो तिच्या घरचा आहे हे कुणी सांगत नाही.

तणनाशक आल्यापासून बांध पिवळे पडत चालले आहेत. पिकातले तण मारणे मी समजू शकतो. पण बांध, ओढ्याचा काठ आणि कालव्याचा भराव जाळून काय मिळते? तिथे हरळी माती धरून ठेवते, पवन्या गुरांच्या तोंडी जातो, काशाचे पांढरे झुबके भादव्यानंतर फुलतात, आणि तो काश उसाचा रानटी सोयरा आहे. उसाची जगभरातली वाणे आणि त्याचे रानटी सगे केरळात कण्णूरला सरकार पैसा खर्चून सांभाळते. ओढ्याकाठी त्यातले जे आपणहून उगवते ते निदान मारू तरी नये.

शाळांकडे माझे मागणे छोटे आहे. नोव्हेंबरमध्ये एक दिवस नववी-दहावीचा वर्ग फडात भरवावा. सोबत एक खुरपणारी मावशी न्यावी आणि तिला शिक्षकाच्या बरोबरीने बोलू द्यावे. विहिरीच्या ओल्या दगडांवरचा मॉस आणि नेचा दाखवावा, म्हणजे बी न धरणाऱ्या वनस्पती पुस्तकाबाहेर येतील. शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे, पाडेगाव तासाभराच्या अंतरावर आहे. तिथली माणसे सांगायला उत्सुक असतात. गावातल्या मोठ्यांनीही एका जातीवर सगळे क्षेत्र न लावता दोन-तीन जाती ठेवाव्यात आणि निरोगी बेणेमळा राखावा.

आणि एक प्रयोग मुलांनी जरूर करावा. पिकलेल्या तुऱ्याचा कापूस झाडून ओल्या बारीक मातीच्या ट्रेवर पसरायचा, वर कागद झाकायचा, पाणी फवाऱ्याने द्यायचे. आपल्या थंडीत त्यातले बहुतेक दाणे पोकळ निघतील. पण पणदऱ्याच्या उसाचे एखादे तरी बी उगवते का, हे आठवड्याभरात कळेल. उगवले तर ते हरळीच्या कोंबासारखे दिसेल, आणि त्या कोंबासारखा दुसरा ऊस जगात कुठेच नसेल.