वाडा तालुक्यातील टायर भट्ट्यांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पालघर

विषय : टायर पायरोलिसिस कारखान्यांची तपासणी भट्टी उघडण्याच्या वेळीच करणेबाबत.

महोदय,

जुने टायर बंद भट्टीत, प्राणवायू न देता 400 ते 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, की रबराची वाफ होते. ती थंड करून तेल काढतात; हेच पायरोलिसिस. भट्टीत काजळी आणि पोलादी तार उरते. आत हवा नसते तोवर रबर जळत नाही. मात्र गरम भट्टीचे दार उघडले, की साचलेल्या वायूला हवा मिळते आणि तो भडकू शकतो. जानेवारी 2025 मध्ये आपल्याच तालुक्यात अशा एका कारखान्यातील स्फोटात दोन महिला कामगार व दोन बालके दगावली.

तपासणी होते ती दिवसा, भट्टी बंद असताना. काजळी निघते ती पहाटे. बायका तोंडाला पदर बांधून ती फावड्याने गोणीत भरतात, तारेची भेंडोळी हाताने ओढून काढतात. उजाडल्यावर शेजारच्या शेतातील वाडा कोलम भाताच्या लोंब्यांवर बोट फिरवले, तर बोट काळे होते.

कारखाने सरसकट बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. टायर उघड्यावर जाळण्यापेक्षा ही प्रक्रिया बरी, आणि तालुक्याला रोजगारही हवा आहे. म्हणून आमच्या मागण्या अशा :

1. प्रदूषण नियंत्रण मंडळ व औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांनी पूर्वसूचना न देता, रात्री-पहाटे संयुक्त तपासणी करावी.
2. भट्टी थंड झाल्याची व नायट्रोजनने आतला वायू काढल्याची लेखी नोंद झाल्याशिवाय दार उघडू देऊ नये.
3. काजळी बंद यंत्रणेतूनच गोणीत भरावी. तेल न होणारा वायू हवेत सोडू नये, भट्टीच्या बर्नरमध्ये जाळावा.
4. कामगारांची कुटुंबे कारखान्याच्या आवारात ठेवू नयेत. मालकाने बाहेर निवारा द्यावा.
5. पायरोलिसिससाठी टाकाऊ टायर आयात करण्यास 2022 च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. प्रत्येक कारखान्याची टायर-खरेदीची कागदपत्रे तपासावीत.
6. या अटी पूर्ण न करणाऱ्या कारखान्यांचे वीज व पाणी तोडावे.

पहिली तपासणी 15 दिवसांत करून अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. अन्यथा आम्हाला तहसील कार्यालयासमोर धरणे धरावे लागेल, याची कृपया नोंद घ्यावी.

आपले विश्वासू,
ग्रामस्थ व कामगार, वाडा तालुका

प्रत माहितीसाठी : मा. तहसीलदार, वाडा