वर्दी कोणी द्यावी?

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांना 'वर्दी' हा शब्द ऐकताच पोलिसाचा गणवेश आठवतो. पुण्या-नागपूरकडील जुन्या माणसांना मात्र 'वर्दी देणे' म्हणजे घडलेल्या गोष्टीची खबर योग्य ठिकाणी पोहोचविणे, हाच अर्थ प्रथम सुचतो. (भाषांतराचे काम करणाऱ्याला अशा शब्दांपाशी पळभर थबकण्याची सवय असते, वाचकांनी ती गोड मानून घ्यावी.) वसतिगृहात गेलेल्या मुलाच्या तोंडी मात्र या दोहोंपैकी कोणताच अर्थ नसतो. तेथे एकच शब्द राज्य करीत असतो, तो म्हणजे 'चहाडी'. हिंदी मुलखात त्यालाच 'चुगली' म्हणतात, आणि तो शिक्का एकदा कपाळी बसला की भोजनगृहात शेजारी कोणी बसत नाही.

यंदा ज्यांची मुले प्रथमच घराबाहेर शिकावयास गेली आहेत, अशा पालकांशी या वेळी थोडे बोलावयाचे आहे. महाविद्यालयाच्या आवारात काही गैर दिसले तर मुलाने काय करावे, हे आपण त्याला सहसा सांगत नाही. जपून राहा, वाईट संगत धरू नकोस, कोणाच्या भानगडीत पडू नकोस, एवढे सांगून आपण गाडीला निरोप देतो. यातील शेवटचे वाक्य फार प्रेमाने उच्चारले जाते, आणि नेमके तेच घातक ठरते.

आधी 1986 सालची अमेरिकेतील एक घटना पाहू. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी नावाची 19 वर्षांची विद्यार्थिनी राहत असे. एप्रिलमधील एका पहाटे त्याच विद्यापीठातील एक विद्यार्थी तिच्या खोलीत शिरला आणि त्याने तिचा खून केला. इमारतीच्या दारांना आपोआप लागणारी कुलुपे होती. परंतु येण्याजाण्याची सोय म्हणून राहणाऱ्यांनीच त्या दारांत खोकी अडकवून ती उघडी ठेवली होती. दार उघडे राहणे हा काही गुन्हा नव्हे. त्यात अडकविलेले खोके पाहून त्याची वर्दी द्यावी, असे सहसा कोणाच्याही मनात येत नाही. तिच्या मातापित्यांनी पुढे जी चळवळ उभारली, तिचे फलित म्हणून 1990 साली तेथे कायदा झाला आणि 1998 साली त्याला त्या मुलीचे नाव देण्यात आले. सरकारी साहाय्य घेणाऱ्या महाविद्यालयांनी आवारातील गुन्ह्यांचे आकडे प्रतिवर्षी प्रसिद्ध करावेत आणि धोका संभवत असेल तेव्हा विद्यार्थ्यांना वेळीच सावध करावे, असे बंधन त्याने घातले. संस्थेचे नाव खराब होईल म्हणून झाकून ठेवण्याची वृत्ती सर्व देशांत सारखीच आहे. तिच्यावर तेथे कायद्याने बोट ठेवले.

उघडे राहिलेले दार, जिन्यावरचा बंद पडलेला दिवा, रात्री फाटकावर नसलेला रखवालदार, विद्यार्थिनींच्या वसतिगृहासमोर रोज त्याच वेळी येऊन उभी राहणारी मोटार, या गोष्टी सांगावयास धैर्य लागत नाही. एक चिठ्ठी पुरते. तीवर तारीख असावी आणि तिची प्रत आपल्याजवळ ठेवावी.

मात्र 'संशयास्पद' या शब्दाशी जपून वागले पाहिजे. 2018 सालच्या एप्रिलअखेर कोलोरॅडो राज्य विद्यापीठात प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांना आवार दाखविण्याचा कार्यक्रम चालू होता. अमेरिकेच्या मूळ रहिवासी जमातीतील दोन भाऊ शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातून कित्येक तास मोटार चालवून तेथे आले होते. त्यांना पोहोचावयास थोडा उशीर झाला, आणि ते फारसे बोलतही नव्हते. तेवढ्यावरून त्याच घोळक्यातील एका पालक बाईने पोलिसांस टेलिफोन केला. पोलिसांनी मुलांना बाजूला घेऊन झडती घेतली, काही गैर नाही असे पाहून सोडून दिले; परंतु तोवर घोळका पुढे निघून गेला होता, आणि ती मुले आल्या वाटेने परत गेली. विद्यापीठाने मागाहून दिलगिरी व्यक्त केली.

आपल्याकडेही ईशान्येकडील वा काश्मीरकडील विद्यार्थ्यांना, क्वचित एखाद्या गरीब घरच्या गबाळ्या पोशाखातील मुलालाही, अशा नजरांचा अनुभव येतो. म्हणून मुलाला एवढे शिकवावे की वर्दी कृत्याची द्यावयाची असते, चेहऱ्याची नव्हे. कोणी काय केले, कोठे, किती वाजता, कोणत्या दिशेने गेला, वाहनाचा क्रमांक काय, हे सांगता येत असेल तर ती वर्दी. 'तो आपल्यातला दिसत नाही' एवढेच सांगता येत असेल तर मुकाट्याने आपल्या वर्गाकडे चालू लागावे. आणि जे पोलिसांस सांगण्याजोगे नाही, ते व्हॉट्सॲपवर तर मुळीच धाडू नये.

आता कायद्याकडे वळू. येथे नागरिकाची बाजू त्याला वाटते त्याहून बरीच भक्कम आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या 173 व्या कलमानुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते. गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही, ही सबब चालत नाही. खबर तोंडी दिली तर ती लिहून घेऊन वाचून दाखवावी लागते. ती ई-मेलसारख्या साधनानेही पाठविता येते; मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन तीवर सही करावी लागते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. भीड धरू नये. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर नोंद केलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 सालीच सांगितले आहे. ठाण्यावर नकार मिळाल्यास हीच हकीकत लिहून पोलिस अधीक्षकांस टपालाने पाठवावी. त्यानेही भागले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. जाणूनबुजून खोटी खबर देणाऱ्यास शिक्षा आहे. प्रामाणिकपणे दिलेली खबर पुढे चुकीची ठरली, तर ती गोष्ट निराळी.

तातडीच्या प्रसंगी मात्र अर्ज-चिठ्ठ्यांत वेळ न घालविता 112 हा क्रमांक फिरवावा.

रॅगिंगच्या बाबतीत नियम अधिक कडक आहेत, आणि ते कडक होण्यापूर्वी कोवळे जीव गेले आहेत. तामिळनाडूत 1996 साली एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा खून झाल्यानंतर तेथे 1997 साली कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा 1999 सालचा. त्यात एक मार्मिक तरतूद आहे: तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची असते, आणि त्याने हयगय केली तर त्यानेच रॅगिंगला चिथावणी दिली असे मानले जाते. पुढे 2009 साली हिमाचल प्रदेशात प्रथम वर्षाचा एक वैद्यकीय विद्यार्थी मारहाणीत दगावला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व देशाकरिता विनियम केले. फौजदारी गुन्हा दिसत असेल तर प्रमुखाने माहिती मिळाल्यापासून 24 तासांत पोलिसांत खबर दिली पाहिजे, असे ते विनियम सांगतात. 'आधी आपसांत मिटवू' असे म्हणावयास यात जागा नाही. 1800-180-5522 हा निःशुल्क क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तेथे आपले नाव न सांगताही तक्रार करता येते. चहाडखोर म्हणवून घेण्याची धास्ती असलेल्या मुलाकरिता हा मार्ग मुद्दाम ठेवलेला आहे.

लैंगिक छळाची तक्रार 2013 च्या कायद्यानुसार संस्थेच्या अंतर्गत समितीकडे लेखी करावयाची असते. साधारणतः तीन महिन्यांची मुदत आहे. सबळ कारण असल्यास ती आणखी तीन महिने वाढविता येते. तक्रार करणारीचे नाव गुप्त राखणे समितीवर बंधनकारक आहे, आणि समितीकडे गेल्याने पोलिसांकडे जाण्याचा मार्ग बंद होत नाही. मुली बहुधा हे प्रथम आईला सांगतात. त्या वेळी 'तू तेथे गेलीसच कशाला?' हा प्रश्न आईच्या ओठांवर येतो, तो तिने गिळावा. तारीख, वेळ आणि जवळपास कोण होते, एवढे विचारून ते तिच्याच शब्दांत कागदावर उतरून घ्यावे.

प्रवेशाची गडबड संपल्यावर एखादी सुटी गाठून मुलाबरोबर त्याच्या आवारात एक फेरी मारावी. तेथील पोलिस चौकी कोणत्या फाटकाजवळ आहे, वसतिगृहप्रमुखांची खोली रात्री उघडी असते काय, रॅगिंगविरोधी समितीच्या सदस्यांची नावे फलकावर लावली आहेत किंवा नाहीत, हे पाहावे. नसतील तर कचेरीत तसे लिहून द्यावे. पालकाने दिलेली ती पहिली वर्दी होय.