कारखाना बंद पडला, तर खालची माती कोण तपासणार?

नांदगाव पेठ : अमरावती-नागपूर महामार्गावर नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापड कारखाने आहेत, औष्णिक वीज प्रकल्प आहे. २० सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी वर्ध्यातून अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली. हा पार्क हजार एकरांचा आहे. पोरांच्या हाताला काम मिळेल, ही आशा खरीच आहे. पण कारखाना उघडताना जेवढी गर्दी होते, तेवढी तो बंद पडताना होत नाही. नंतर त्या जागेच्या मातीत काय मुरलं, हे पाहायला तर कोणीच फिरकत नाही.

वऱ्हाडाला बंद कारखाने नवे नाहीत. बडनेऱ्याची विजय मिल, अकोल्याची सावतराम मिल बंद पडली. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. अशा जागांवर उद्या घरं, बाजार किंवा नवा उद्योग येऊ शकतो. या जागा दूषितच आहेत, असं नाही. पण तपासल्याशिवाय त्या स्वच्छ आहेत, असंही म्हणता येत नाही.

नवा नियम काय सांगतो?

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले. त्याआधी देशात १०३ दूषित जागा नोंदल्या गेल्या होत्या, पण सफाईचं काम फक्त ७ ठिकाणी सुरू झालं होतं. तपासणी कोणी करायची आणि पैसा कोणी द्यायचा, हेच ठरलेलं नव्हतं.

आता संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची आहे. लोकांच्या तक्रारीवरूनही जागा यादीत येऊ शकते. त्यानंतर प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. गरज दिसली, तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी. १८९ घातक रसायनांपैकी काही ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं, तर जागा दूषित म्हणून जाहीर करायची आणि तिथे वावरण्यावर बंधनं घालायची.

सफाईचा खर्च ज्याने घाण केली त्याचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली, तर केंद्र आणि राज्याने पैसा उभा करायचा. पण सफाई कधीपर्यंत पूर्ण करायची, याची मुदत नियमात नाही. मोठी गोम इथेच आहे. वीज प्रकल्पांच्या राखेसाठी ३१ डिसेंबर २०२१ ची वेगळी अधिसूचना आहे, तो विषय निराळा.

उशीर झाला की काय होतं?

राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८० च्या दशकाच्या शेवटी कापडाच्या रंगांसाठी लागणारं एच-ॲसिड तयार होत होतं. विहिरींचं पाणी नासलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खर्च कंपन्यांनी द्यावा, असं सांगितलं. तरी २०११ मध्ये त्याच वसुलीसाठी न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. भोपाळच्या कारखान्यात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा दुर्घटनेनंतर ४० वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये हलला. जमिनीत मुरलेलं अजून तिथेच आहे.

अमेरिकेत जुन्या औद्योगिक जागांच्या नुसत्या तपासणीसाठी स्थानिक संस्थांना सरकार वेगळं अनुदान देतं, पाच लाख डॉलरपर्यंत. सफाईचं अनुदान वेगळं. कारण साधं आहे. जागेत काय आहे हेच माहीत नसेल, तर तिथे पैसा टाकायला कोणी धजत नाही. आपल्याकडेही तपासणीचा पैसा सफाईच्या पैशावर अडकून राहू नये. जिल्हा नियोजनात त्यासाठी वेगळी तरतूद मागायला काय हरकत आहे?

गावाने काय करावं?

आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. खालच्या काळ्या पाषाणातही फटी असतात आणि पाणी त्या फटींतून वाट काढतं. कोणत्या वावरातल्या विहिरीला काय लागलं, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून कारखाने चालू असतानाच एमआयडीसीलगतच्या विहिरी आणि बोअरच्या पाण्याची तपासणी करून अहवाल ग्रामपंचायतीत जपून ठेवावेत. नेहमीच्या तपासणीवर न थांबता क्रोमियम, शिसं यांसारखे जड धातूही तपासून मागावेत. आजचा आकडा हातात नसला, तर उद्या "पाणी आधीपासूनच असं होतं" म्हणायला कोणीही मोकळं.

दुसरं, ग्रामसभेत ठराव घेऊन तो जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि प्रदूषण मंडळाच्या अमरावतीतील प्रादेशिक कार्यालयाला द्यावा, पोच घ्यावी. तिसरं, सहामाही यादीत आपल्या तालुक्यातली कोणती जागा गेली, हे विचारावं. एकही गेली नसेल, तर पाहणी करून गेली नाही की पाहणीच झाली नाही, हेही विचारावं.

उद्योगाला विरोध करायचं यात काही नाही. नव्या पार्कमध्ये कारखाने उभे राहण्याआधी माती-पाण्याची नोंद झाली, तर ती उद्योजकाच्याही कामाची आहे, कारण जुन्या घाणीचं खापर त्याच्यावर फुटणार नाही. आणि पाणी बिघडलंच, तर शेतकऱ्याजवळ दाखवायला कागद राहील.