रिपोर्टातला एक आकडा बघून मासळी सोडू नका

मंडळी, जेटीवर सध्या एक नवीनच खूळ आलंय. गुडघा दुखला की थेट लॅबमध्ये जाऊन सांधेदुखीचं पॅकेज करायचं, आणि युरिक ॲसिडचा आकडा ठळक छापून आला की घरात मासळी बंद! माझ्या मते हे चूक आहे.

युरिक ॲसिड ७ च्या वर गेलं म्हणजे गाऊट झालाच असं नाही. कित्येकांचं वाढलेलं असतं, पण सांधा कधी सुजत नाही. उलट पायाचा अंगठा लाल होऊन ठणकत असतो तेव्हाच आकडा नॉर्मल येऊ शकतो. म्हणून सूज उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासतात. गाऊट ठरलाच तर तारले, बांगडे कमी करावे लागतात, मान्य. पण आधी बियर सोडा की! (तिचं नाव कोणी काढत नाही.) ट्रॉलरवर पाणीही भरपूर प्या.

आरए फॅक्टर उतारवयात धडधाकट माणसाचाही पॉझिटिव्ह येतो. सकाळी बोटं तासभर आखडतात का, दोन्ही हातांचे सांधे सुजतात का, हे डॉक्टरांना आधी सांगा. जाळी ओढून झिजलेला गुडघा तर रक्तात दिसतच नाही.

दुखण्याच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांनी मात्र क्रिएटिनिन जरूर तपासावं, किडनीचा प्रश्न आहे. आणि एकच सांधा गरम, सुजलेला, वर ताप असेल तर रिपोर्टची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.